वाऱ्याखालचा माणूस: नेब्रास्कातल्या एका कायोटी जोडीचं प्रकरण

दोघांनी मिळून कायोटी बोलवायचे, म्हणजे प्राण्याचा आवाज काढून त्यांना बंदुकीच्या टप्प्यात आणायचे म्हटलं की सगळं लक्ष कॉल (आवाज काढायचं साधन) वाजवणाऱ्याकडे असतं, कुठला कॉल घेतला, कुठला आवाज काढला, किती मिनिटं बसले. माझं मत उलटं आहे. दोघांतली खरी अवघड जागा वारा जिकडे वाहत जातो तिकडे गप्प बसलेल्या माणसाची, आणि बाकीचा सगळा सेटअप त्याच्या जागेवरून ठरवायला पाहिजे. हे मत ज्या एका प्रकरणाने पक्कं झालं ते इथे पहिल्यापासून लिहितोय, अगदी मेलेली वासरं उघडून बघण्यापासून, कारण ती तपासणी झाली नसती तर पुढचं काहीच धड झालं नसतं.

आधी प्राण्याबद्दल थोडं, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. कायोटी म्हणजे उत्तर अमेरिकेतला, आपल्या कोल्ह्यापेक्षा मोठा आणि लांडग्यापेक्षा बराच लहान प्राणी, पश्चिमेकडच्या मैदानात वजन साधारण १० ते १६ किलो. जानेवारी ते मार्च हा जोड्यांचा काळ, गाभण राहिल्यापासून साधारण ६० ते ६३ दिवसांनी, म्हणजे एप्रिल-मेमधे पिल्लं, एका वेताला सरासरी सहाच्या आसपास. एकदा जमलेली जोडी सहसा तशीच राहते आणि आपला इलाका राखते. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंदच आहे आणि ते योग्यच आहे, त्यामुळे इथलं काही वाचून गावाकडच्या कोल्ह्यांवर प्रयोग करायचा विचारही कुणी करू नका. इथे अमेरिकेत, नेब्रास्का राज्यात, कायदा वेगळा आहे. नेब्रास्कात राहणाऱ्याला कायोटीसाठी परमिट लागत नाही, बाहेरच्या राज्यातून आलेल्याला लागतं. पण आपल्या लोकांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची: एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायलाच मनाई आहे, त्यातून सूट मिळते ती हातात वैध हंटिंग लायसन्स असेल तर. म्हणजे राज्य म्हणतं कायोटीसाठी लायसन्स नको, तरी तुम्हाला मात्र ते पाहिजेच. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. मित्राने बोलावलं, त्याचीच बंदूक होती, मी फक्त हातात घेतली, असलं कुठलंही कारण चालत नाही, आणि यात व्हिसासकट सगळंच जाऊ शकतं.

आता जागा. सँडहिल्स म्हणजे नेब्रास्काचा जवळजवळ पाव हिस्सा व्यापणाऱ्या वाळूच्या टेकड्या, पन्नास हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, वर गवत आहे म्हणून वाळू जागेवर आहे. जिथे गवत फाटतं तिथे वारा खड्डा पाडतो. टेकड्यांच्या मधल्या सखल भागात जमिनीखालचं पाणी इतकं वर असतं की ओली कुरणं तयार होतात, तिथलं गवत कापून हिवाळ्यासाठी ठेवतात. त्यातली चेरी काउंटी, म्हणजे जिल्हा, एकटीच कनेक्टिकट राज्यापेक्षा मोठी आणि माणसं साडेपाच हजारांच्या आसपास. बाकी सगळी गुरं. आणि जमीन जवळपास सगळी खाजगी, म्हणजे मालकाची परवानगी ही पहिली पायरी, त्याशिवाय तारेच्या कुंपणाला हातसुद्धा लावायचा नाही.

माझा पार्टनर गुरांचा डॉक्टर, तिथलाच. मी लिंकनहून, राज्याच्या राजधानीतून जातो. तर मार्चच्या सुरुवातीला त्याच्या एका रँचवाल्याचा फोन आला, वय सत्तरीच्या पुढचं, गाई व्यायला लागल्या होत्या आणि पहिलारू कालवडींच्या कुरणात आठवड्यात तीन वासरांचं नुकसान झालं होतं. त्यांचं म्हणणं, कायोटींनी तिन्ही घेतली, या आणि जेवढे दिसतील तेवढे मारा.

पार्टनर म्हणाला, आधी वासरं बघू.

हे फार कमी लोक करतात. मेलेल्या वासराभोवती कायोटीची पावलं दिसली की झालं, निकाल लागला. पण कायोटी मढं खातोच, जार म्हणजे व्यायल्यावर पडणारी वार खातो, चिकाच्या वासाने येतो, त्यामुळे पावलं असण्याने काहीच सिद्ध होत नाही. पहिल्या वासराचं मागचं अंग अर्धं खाल्लेलं. पार्टनरने खूर बघितले. पोटात असताना वासराच्या खुरांवर मऊ रबरासारखी साल असते, उभं राहून चालायला लागलं की ती लगेच झिजते, इथे ती जशीच्या तशी होती. मग फुप्फुसाचा तुकडा बादलीतल्या पाण्यात टाकला, तो बुडाला. म्हणजे त्यात हवा कधी गेलीच नव्हती, वासरू मेलेलंच जन्मलं होतं आणि कायोटींनी नंतर खाल्लं. दुसऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचे खूर झिजलेले, पोटात दुधाचं दही, म्हणजे उभं राहिलं होतं, प्यायलं होतं. मागच्या पायांवर आणि कुशीत दातांची भोकं, आणि कातडी सोलल्यावर आतून काळंनिळं रक्त साकळलेलं. हा सगळ्यात खात्रीचा पुरावा, कारण रक्त वाहतं असतानाच चावा बसला तरच आतून असं साकळतं, मेल्यावर चावलं तर कातडीखाली स्वच्छ राहतं. मेंढरांना कायोटी बहुतेक गळ्याला धरतो, वासराला मागून. तिसरं वासरू तर जिवंतच होतं, शेपूट चावून तोडलेली, आईने वाचवलं असणार.

म्हणजे तीनातली दोन कायोटींच्या नावावर, एक नाही. रँचवाल्यांना ते पटायला वेळ लागला पण पटलं, आणि पार्टनरने त्यांना तिथेच सांगितलं की मेलेलं वासरू आणि जार कुरणात पडून राहिले तर तुम्हीच त्यांना रोज जेवायला बोलावताय.

पावलं मात्र कामाची ठरली. ओल्या वाळूवर दोन प्राण्यांचे माग, शेजारी शेजारी, जेमतेम सहा सेंटिमीटर लांब, अंडाकृती, एक दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा, आणि दोन्ही सरळ रेषेत चाललेले. कुत्रं असं चालत नाही, ते भटकत चालतं, कडेला जातं, परत येतं. दोन्ही माग उत्तरेकडच्या उंचसखल टेकड्यांतून येत होते आणि तिकडेच परत जात होते. संध्याकाळी आम्ही एका टेकडीमागे बसून नुसतं ऐकलं, काही वाजवलं नाही. अंधार पडताना उत्तरेकडून कोल्हेकुई उठली, ऐकून वाटावं सात-आठ आहेत, पण पार्टनर म्हणाला दोनच आहेत, दोघांनी आवाज वरखाली फिरवला की असंच वाटतं. जागा मनात पक्की केली आणि परत आलो.

इथे मला थोडं थांबून लिहायचंय कारण यावरच सगळं उभं आहे. कायोटी मारून कायोटी कमी होत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या दोघा संशोधकांनी १९७५ मधे गणिती मॉडेल मांडून दाखवलं होतं की दरवर्षी ७० टक्के मारले तरी ही जमात टिकून राहते. फेडरल सरकारचा विभाग आजही वर्षाला ५० हजारांहून जास्त मारतो आणि कायोटी आहेत तिथेच आहेत. मग एखाद्या रँचवर जाऊन दिसेल तो मारण्याचा उपयोग काय? याचं उत्तर मला हॉपलँडच्या कामातून मिळालं, उत्तर कॅलिफोर्नियात युनिव्हर्सिटीचं मेंढ्यांचं संशोधन केंद्र आहे, तिथे १९९० च्या दशकात कायोटींच्या गळ्यात रेडिओ पट्टे बांधून अभ्यास झाला, १९९९ मधे छापून आला. मेंढ्या मारणारे बहुतेक सगळे त्या इलाक्याची मालकी असलेल्या, वीण करणाऱ्या जोडीतले निघाले. तरणे, भटके, एकटे फिरणारे, त्यांचा हात फारसा नव्हता. उटामधल्या २००१ च्या अभ्यासात तर जोडीची नसबंदी केली आणि इलाका तसाच त्यांच्याकडे ठेवला, तरी मेंढ्या मारणं कमी झालं, कारण पोसायला पिल्लंच नव्हती. म्हणजे प्रश्न आकड्याचा नाही, कुठल्या दोघांचा आहे. म्हणूनच किती मारले यावर बक्षिसं देणाऱ्या स्पर्धा मला अजिबात आवडत नाहीत, कॅलिफोर्नियाने २०१४ मधे त्यांच्यावर बंदी घातली ते मला शिकारी म्हणूनच योग्य वाटतं. आमच्यापुढे काम एकच होतं, ही जोडी, एप्रिलच्या आत.

आणि जोडी शहाणी झालेली होती. रँचवाल्यांकडून कळलं की थंडीत शेजारपाजारची पोरं येऊन गेली होती, पवनचक्कीपर्यंत ट्रक घेऊन, तिथेच आवाज वाजवणारं इलेक्ट्रॉनिक मशीन ठेवून सशाच्या किंचाळण्याचा आवाज लावायचे, एकदा लांबून गोळीही झाडली, लागली नाही. आता सशाचा आवाज हा काही वाईट आवाज नाही. टेक्सासच्या बर्नहॅम बंधूंनी तोंडाने वाजवायचे कॉल १९५० च्या दशकात देशभर पोचवले ते याच आवाजाच्या जोरावर, नंतर वेकोच्या जॉनी स्टुअर्टने खऱ्या प्राण्यांचे आवाज रेकॉर्ड करून विकले, आणि आताची रिमोटवाली मशिनं त्याच रस्त्याने पुढे आली. पण ज्या कायोटीने तो आवाज ऐकला, जवळ आला, माणसाचा वास घेतला आणि वर गोळीचा आवाज ऐकला त्याच्यासाठी ससा आता ससा राहत नाही. तो पुढच्या वेळी येतो, पण दोनशे यार्डांवरूनच गोल फिरून वाऱ्याखाली जातो, वास घेतो आणि निघून जातो, आणि कॉल वाजवणाऱ्याला वाटतं आज इथे काही नव्हतंच.

म्हणून पार्टनरने मशीन घरी ठेवलं, ससा बंद. फक्त तोंडाने वाजवायचा ओपन रीडचा हाऊलर, म्हणजे कायोटीचा हाऊल, त्याची लांब ओरड, काढायचा कॉल. मार्चमधे जोडीला भूक नाही तर हद्द जास्त लागते, अनोळखी कायोटी आपल्या घरात ओरडतोय हे त्यांना सहन होत नाही.

आता मांडणी. ही नीट डोळ्यासमोर आणा. जोडी उत्तरेला. त्या दिवशीचा वारा पश्चिमेचा, ताशी दहा-बारा मैल, म्हणजे आमचा वास पूर्वेकडे वाहून जाणार. ट्रक दक्षिणेला एका मोठ्या टेकडीमागे ठेवला, दारं आपटली नाहीत, हाताने दाबून लावली, आणि अंधारात दक्षिणेकडून चालत आलो, मैलभरापेक्षा थोडं कमी, टेकडीच्या माथ्यावरून कुठेही नाही, सगळं खालच्या अंगाने. पार्टनर रायफल घेऊन युक्काच्या झुडपांपुढे बसला, तोंड उत्तर-वायव्येकडे, उजाडताना सूर्य त्याच्या उजव्या खांद्याच्या मागे. झुडपाच्या मागे लपायचं नसतं, पुढे बसायचं, मागची झाडी तुमचा आकार मोडते आणि समोर बघायला मोकळं राहतं. मी त्याच्या पूर्वेला, साधारण शंभर यार्डांवर, रानप्लमच्या दाट झुडपांची एक पट्टी उत्तरेकडून खाली उतरते तिथे, बारा बोअरची शॉटगन घेऊन, तीन इंची काडतुसं, बीबी आकाराचे छर्रे. माझ्या पूर्वेच्या टेकडीची सावली त्या खळग्यावर पडत होती, त्यामुळे उगवतीचं ऊन अंगावर नव्हतं.

ही जागा का? कारण उत्तरेकडून आलेला कायोटी, आवाज काढणाऱ्या पार्टनरच्या जागेचा वास घ्यायचा म्हटल्यावर पूर्वेच्या बाजूला वळणारच, आणि वळताना तो उघड्यावरून जाणार नाही, आडोशाने जाणार, म्हणजे ती प्लमची पट्टी. त्याला पार्टनरचा वास लागायच्या आधी माझ्यासमोरून जावं लागेल, फक्त काही पावलं आधी. मी आणखी पन्नास यार्ड पूर्वेला असतो तर तो माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच वास लागून फिरला असता, आणि पार्टनरजवळ बसलो असतो तर दोघांचं लक्ष एकाच दिशेला राहिलं असतं. बरेच जण पार्टनरला शेजारी बसवतात, बोलायला बरं पडतं म्हणून. त्याचा फायदा मला कधी दिसला नाही.

बंदुकीच्या हद्दी आदल्या संध्याकाळी जागेवर उभं राहून ठरल्या होत्या. दोघांच्या मधे, थोडं उत्तरेला, सीडरचं एकटंच झाड आहे. पार्टनरची रायफल त्या सीडरच्या उजवीकडे कधीच वळणार नाही, काहीही दिसलं तरी. माझी शॉटगन त्याच्या डावीकडे कधीच नाही. टेकडीच्या माथ्यावर आकाशात दिसणाऱ्या प्राण्यावर गोळी नाही, मागे माती दिसली पाहिजे, कारण उत्तरेच्या टेकडीपलीकडे शेजाऱ्याची गुरं असतात. बसल्याजागेवरून उठायचं ते दुसऱ्याने हात वर करून दाखवल्यावरच, आणि उठायच्या आधी बंदूक रिकामी. आणि शेवटचा नियम पार्टनरचा: "वाऱ्याखाली काही आलं तर तू माझी वाट बघायची नाहीस. मला ते दिसणारच नाही. ती वेळ तुझी." दोन कायोटी आले तर आधी कुणी मारायचं यावर लोक खूप डोकं लावतात, तीन-दोन-एक मोजतात. शेजारी बसले असाल तर ते ठीक, पण आमच्यासारखं लांब बसलं की मोजणार कसं, म्हणून हा नियम.

बसल्यावर दहाएक मिनिटं काहीच नाही. शून्याच्या बऱ्याच खाली थंडी, गवतावर दंव. मग पार्टनरने मादीचा एकटा हाऊल काढला, लांब, वर जाऊन हळू खाली येणारा, थोडं थांबून अजून एक. आणि गप्प. ही गप्प राहायची वेळ नवीन माणसाला झेपत नाही, त्याला वाटतं आवाज पोचला नाही. चारपाच मिनिटांनी उत्तर आलं, आम्ही धरलं होतं त्यापेक्षा बरंच जवळून. एकाचंच. पार्टनरने लगेच उत्तर दिलं नाही, आणि दिलं ते आखूड, भुंकून मग तुटक हाऊल, आव्हान देणारा.

नर टेकडीच्या माथ्यावर आला. चारशे यार्ड असावं. उभा राहिला, मग चक्क बसला आणि भुंकायला लागला. शिकारी ज्याला अडकलेला कायोटी म्हणतात तो हा, पुढेही येत नाही, जातही नाही. मला तो माझ्या डाव्या कोपऱ्यातून दिसत होता. पार्टनरकडे २२-२५० रायफल आहे, ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला साडेतीन हजार फुटांहून जास्त वेगाने सुटते, कागदावर चारशे यार्ड तिला अवघड नाही. पण त्या आडव्या वाऱ्यात तेवढ्या अंतरावर गोळी फूटभर तरी सरकते आणि कायोटीच्या छातीतला मारण्याजोगा भाग वीतभर. शिवाय तो आकाशात दिसत होता. पार्टनरने रायफलला हात लावला नाही. मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या गोष्टीचा, कारण समोर भुंकत बसलेला कायोटी आणि मांडीवर तयार रायफल असताना न झाडणं हे बोलायला सोपं आहे.

आणि मी त्या नराकडे बघायचं सोडून दिलं. कारण जोडीतला एक उघड्यावर बसून एवढा गोंधळ घालतोय तर दुसरा कुठे आहे?

ती प्लमच्या पट्टीतून येत होती. आवाज नाही, डोकं खाली, कान पुढे, थांबत थांबत, दर थांब्याला नाक वाऱ्याकडे. पहिल्यांदा दिसली तेव्हा साठ यार्डांवर असेल. नरामुळे सगळ्यांचं लक्ष टेकडीकडे आणि ही मागून खात्री करायला आलेली, हे त्या दोघांनी ठरवून केलं असं मी म्हणणार नाही, पण जोडी अशीच काम करते हे पार्टनरने मला आधीच सांगितलं होतं. पन्नास. बंदूक खांद्याला आधीपासूनच होती, गुडघ्यावर टेकवून, म्हणून हलावं लागलं नाही. चाळीसच्या आत आल्याशिवाय बीबी छर्र्यांवर माझा विश्वास नाही. पुढे दहाबारा पावलांवर पार्टनरचा वास तिला लागणार होता. जिथे पट्टी संपते आणि दोन झुडपांमधे मोकळी जागा आहे तिथे ती पस्तीस यार्डांवर आडवी उभी राहिली. सीडरच्या कितीतरी उजवीकडे, मागे टेकडीची माती. मी झाडली. ती तिथेच पडली, हलली नाही.

यानंतरचे चार सेकंद पार्टनरचे. शॉटगनचा आवाज विरायच्या आत त्याने हाऊलर उलटा धरून पिल्लू मार खाताना ओरडतं तसा कईं-कईं आवाज सुरू केला, जोरात, न थांबता. मी बघतोय, नर वळला होता, माथ्यापलीकडे जायला एक उडी बाकी, तो थांबला. परत फिरला. आणि जो एवढा वेळ खाली यायला तयार नव्हता तो उतारावरून सरळ खाली धावत आला. इतका की पार्टनरला त्याला थांबवायला तोंडाने एकदा "वूफ" करावं लागलं. १८० यार्डांवर उभा राहिला, आता मागे अख्खी टेकडी. एक गोळी.

नंतर बराच वेळ आम्ही जागेवरच बसून राहिलो, तिसरा कुणी असेल तर म्हणून. नव्हता. मग पार्टनरने हात वर केला.

हातमोजे घालून दोघांना तपासलं, खरूज नव्हती, दोन्ही धडधाकट, नराचे सुळे झिजलेले, म्हणजे वयाने मोठा. मादी गाभण होती, पोटात सहा. हे मी लिहायचं टाळणार नाही. याच पिल्लांना पोसायला पुढे वासरं गेली असती हे मला माहीत आहे आणि याचसाठी आम्ही एप्रिलच्या आत आलो होतो, तरी ते बघताना आतून काहीतरी हलतं, आणि ज्याला हलत नाही त्याच्याबरोबर मी शिकारीला जाणार नाही. नराच्या पोटात जार होती, उंदरांचे केस होते. वासराचं काही मिळालं नाही, पण वासरू मारलं गेलं त्याला काही दिवस झाले होते, त्यामुळे त्यावरून कुठलाच निष्कर्ष निघत नाही. मार्चमधे कातडी घासून खराब झालेली असते, आणि तशीही बाजारपेठ बसलीय, कॅनडा गूज या थंडीच्या जॅकेटांच्या कंपनीने २०२१ मधे फर घेणं बंद करायचं जाहीर केल्यापासून जॅकेटच्या फरच्या कॉलरसाठी लागणाऱ्या कायोटीला पहिल्यासारखा भाव नाही. रँचवाल्यांनी दोन्ही पुरले.

याच जोडीने वासरू मारलं होतं हे शंभर टक्के सांगता येतं का? नाही. माग त्याच दिशेचे होते, मोठा-लहान जोडी जुळत होती, आणि त्या कुरणाभोवती हद्द राखणारी दुसरी जोडी ऐकू आली नव्हती. यापुढे जाऊन छातीठोक बोलणं मला जमणार नाही. पण उरलेल्या सीझनमधे त्या कुरणात चाव्याची एकही खूण असलेलं वासरू मिळालं नाही. त्यात आमच्याइतकाच रँचवाल्यांचाही वाटा आहे, कारण त्यांनी पहिलारू कालवडी घराजवळच्या लहान कुरणात आणल्या, रात्री एकदा उठून चक्कर मारायला लागले आणि जार-मढी त्याच दिवशी उचलायला लागले. कायोटीसाठी सगळ्यात सोपी शिकार म्हणजे पहिल्या काही दिवसांचं वासरू आणि पहिल्यांदाच व्यायलेली, गोंधळलेली आई, ती जोडी माणसाच्या नजरेत आली की अर्धा प्रश्न तिथेच संपतो.

मे महिन्यात रँचवाल्यांचा पार्टनरला परत फोन आला, ओल्या वाळूत नवीन माग दिसले होते, एकट्याचे. रिकामी जागा अशी भरतेच. तोवर वासरं चांगली धावायला लागली होती आणि कुणाला काही झालेलं नव्हतं. पार्टनर म्हणाला, जो काही मारत नाही त्याला राहू द्या, तो आपली हद्द राखेल आणि दुसऱ्यांना आत येऊ देणार नाही, वासराला दात लागला तर मला त्याच दिवशी फोन करा आणि वासराला हात लावू नका, मी येऊन उघडेन. रँचवाले तयार झाले. त्यांनी शेजारच्या पोरांनाही सांगितलं की पवनचक्कीपाशी आता ट्रक न्यायचा नाही आणि सशाचा आवाज लावायचा नाही.